शकुंतलेचे रूळ आणि न्यूटनचे नियम

१७ डिसेंबर १८०३. अचलपूरजवळच्या देवगाव येथे नागपूरकर दुसऱ्या रघूजी भोसल्यांनी इंग्रजांशी तह केला. दोनच दिवस आधी गाविलगड पडला होता. त्याच्याही आधी, नोव्हेंबरच्या अखेरीस, अडगावच्या मैदानात लढाईचा निकाल लागून गेला होता. या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोसल्यांच्या हातून सुटला आणि निजामाच्या पदरात पडला.

सुमारे दोन महिन्यांनी, २१ फेब्रुवारी १८०४ रोजी, वेल्समधील पेनीडॅरनच्या लोखंडाच्या कारखान्यातून रिचर्ड ट्रेव्हिथिक नावाच्या अभियंत्याचे वाफेचे इंजिन दहा टन लोखंड आणि सत्तर माणसे घेऊन निघाले. सुमारे सोळा किलोमीटरचे अंतर कापायला त्याला चार तासांहून थोडा अधिक वेळ लागला. रुळांवरून वाफेच्या इंजिनाने ओझे वाहून नेल्याची ही पहिली नोंद.

या दोन घटनांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे त्या काळी कोणाच्याही मनात आले नसते. पण पुढे शंभर-सव्वाशे वर्षांच्या आतच त्याच अचलपुरात एका अरुंद रुळाच्या गाडीचे एक टोक होते आणि दुसरे टोक यवतमाळात. ती गाडी म्हणजे आपली शकुंतला.

शकुंतलेची गोष्ट आपण एरवी मालकीची गोष्ट म्हणून वाचतो. खासगी कंपनीची रेल्वे, राष्ट्रीयीकरणातून सुटलेली, वगैरे. त्या विषयावर समाजमाध्यमांत पुष्कळ सुरस मजकूर फिरत असतो; तो आज बाजूला ठेवू. आजच्या धाग्यात ही गाडी बलांची गोष्ट म्हणून वाचायची आहे. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला ‘इंजिनिअरिंग मेकॅनिक्स’ नावाचा जो विषय असतो, ज्यात उतरत्या फळीवर ठोकळे घसरत राहतात आणि मुले कंटाळतात, तो सगळा विषय यवतमाळ ते मूर्तिजापूर या सुमारे ११३ किलोमीटरमध्ये पसरलेला आहे. धागा लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी थोडा भूगोल, कारण त्याच्यावाचून यंत्रशास्त्र अधांतरी राहते. वऱ्हाडचे जुने दोन भाग : पूर्णेच्या खोऱ्यातील सखल, काळ्या मातीचा पयनघाट आणि त्याच्या दक्षिणेचा उंच बालाघाट. मूर्तिजापूर पयनघाटात, समुद्रसपाटीपासून साधारण तीनशे मीटरवर. यवतमाळ बालाघाटाच्या पठारावर, सुमारे ४४५ मीटरवर. म्हणजे मूर्तिजापुराहून कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला येणारी गाडी, मधले चढउतार सोडले तरी, निव्वळ दीडशे मीटर वर चढते.

आणि थोडा इतिहास. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली. पुढच्याच महिन्यात, २१ मे रोजी, डलहौसीने निजामाकडून वऱ्हाड कंपनीच्या ताब्यात घेतला. रूळ आणि कापूस या दोन्ही गोष्टी एकाच उन्हाळ्यात एकाच माणसाच्या टेबलावर होत्या, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस अडला, आणि वऱ्हाडी कापसाला सोन्याचे मोल आले. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा फाटा बडनेऱ्यावरून नागपूरला पोचला. तो मूर्तिजापुरातून जातो, पण बालाघाटावर चढत नाही. वर राहिला तो आजचा यवतमाळ जिल्हा. त्या वेळी इंग्रजी दप्तरात त्याचे नाव ‘वून’, म्हणजे वणी, असे होते. १९०५ मध्ये पुसद तालुका जोडून ‘यवतमाळ’ हे नाव रूढ झाले.

मग वरचा कापूस खाली कसा येई? बंडीने. येथे आपला पहिला धडा सुरू होतो.

बैलबंडी भरणाऱ्या कोणाही शेतकऱ्याला आघूर्णाचा नियम ठाऊक असतो. फक्त तो त्याला आघूर्ण म्हणत नाही. माल मागे जास्त झाला की बंडी ‘उलाळ’ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. माल पुढे जास्त झाला की जू मानेवर बसते. म्हणून भरणारा माणूस आसाच्या मागेपुढे माल असा रचतो की जुवावर थोडासाच भार राहावा. बल गुणिले आसापासूनचे अंतर, एका बाजूचे आणि दुसऱ्या बाजूचे, यांचा मेळ घालणे हेच ते काम. आर्किमिडीजने तरफेचा नियम भूमितीच्या भाषेत सिद्ध केला तो इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात. बंडी भरणाऱ्याने तो कोणाकडून शिकला, हे विचारण्यात अर्थ नाही. बैलाच्या मानेने शिकवला.

पण बंडीचा खरा शत्रू वेगळा आहे. चाक मऊ मातीत रुतते, आणि आपणच केलेल्या खड्ड्यातून त्याला सतत वर चढावे लागते. मोकळ्या मातीच्या वाटेवर गाडीच्या एकूण वजनाच्या साधारण एक दशांश इतकी ओढ लागते, काळ्या मातीत पाऊस पडल्यावर त्याहूनही किती तरी जास्त. म्हणजे एक टन वजनाला शंभर किलोची ओढ. लोखंडी रुळावर लोखंडी चाक चालले की हाच आकडा टनामागे चार-पाच किलोवर येतो. वीस-पंचवीस पट फरक! रेल्वेची सारी क्रांती वाफेत आहे असे आपण समजतो. माझ्या मते निम्मी क्रांती रुळात आहे. इंजिन येण्याच्या आधी कितीतरी दशके इंग्लंडातील खाणींमध्ये घोडे रुळांवरून गाड्या ओढत होते, ते याच कारणाने.

आता एक अडचण उभी राहते. रूळ इतका गुळगुळीत असेल, तर इंजिनाचे चाक जागच्या जागी फिरणार नाही का?

ही शंका पोरकट नव्हती. ट्रेव्हिथिकच्या प्रयोगानंतरही ती टिकून होती. १८१२ मध्ये लीड्सजवळ मिडलटनच्या खाणीसाठी जॉन ब्लेंकिन्सॉपने दातेरी रूळ वापरला; इंजिनाचे दातेरी चाक त्यात अडकून पुढे सरके. गुळगुळीत चाकाची पकड पुरेल यावर त्याचा भरवसा नव्हता. पुढच्याच वर्षी वायलमच्या खाणीवर विल्यम हेडलीने माणसांकडून चाके फिरवून घेतली, ओझे वाढवत नेले आणि पकड कुठे सुटते ते मोजले. निष्कर्ष असा की पुरेसे वजन चाकांवर असेल, तर दात्यांची गरज नाही.

हेडलीला जे मोजावे लागले, त्याचा नियम खरे तर शंभर वर्षांपूर्वीच मांडला गेला होता. फ्रान्समधील गिऑम आमोंताँने १६९९ मध्ये सांगितले होते की घर्षण हे दाबाच्या प्रमाणात वाढते आणि टेकलेल्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. १७८५ मध्ये शार्ल कूलाँने त्याचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला. महादजी शिंदे नुकतेच दिल्लीत वकील-इ-मुतलक झाले होते, त्या सुमाराची ही गोष्ट. चाक आणि रूळ एकमेकांना प्रत्यक्ष टेकतात ती जागा एखाद्या लहान नाण्याएवढी असते. तरीही तेवढ्याने भागते, कारण महत्त्व जागेला नसून भाराला आहे.

आकडे घालून पाहू. हे आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, कोणा विशिष्ट इंजिनाचे नव्हेत. समजा, ओढणाऱ्या चाकांवर वीस टन भार आहे. कोरड्या रुळावर पकड भाराच्या साधारण चौथ्या हिश्शाइतकी. म्हणजे इंजिन जास्तीत जास्त पाच टनांची ओढ देऊ शकते. त्याहून अधिक जोर लावला, तर चाके गरगरा फिरतील. सपाट रुळावर टनामागे चार किलो विरोध धरला, तर ही ओढ साडेबाराशे टनांना पुरते. पण शंभराला एक असा चढ आला की प्रत्येक टनामागे आणखी दहा किलो लागतात, कारण वजनाचा शंभरावा हिस्सा आता उताराच्या दिशेने मागे खेचतो. चार अधिक दहा, चौदा. साडेबाराशे टनांचे साडेतीनशे झाले. चढ पन्नासाला एक असेल, तर जेमतेम दोनशे. यात इंजिनाचे स्वतःचे वजनही आले.

डोळ्यांना जो चढ धड दिसतही नाही, तो गाडीची लांबी ठरवतो. आणि पाऊस? ओल्या, तेलकट रुळावर पकड निम्म्यावर येते. म्हणूनच इंजिनावर वाळूची पेटी असते आणि गरजेला चाकापुढे वाळू सोडली जाते. वऱ्हाडातला कापसाचा हंगाम पावसाळा संपल्यावर सुरू होतो, हे या हिशेबाच्या दृष्टीने बरेच म्हणायचे.

आता न्यूटन. ‘प्रिन्सिपिया’ प्रसिद्ध झाले १६८७ च्या जुलै महिन्यात. इकडे छत्रपती संभाजी महाराज मुघलांशी झुंजत होते. आदल्या वर्षी विजापूर पडले होते आणि त्याच सप्टेंबरात गोवळकोंडा पडायचा होता. न्यूटनचे तीन नियम शाळेत आपण पाठ करतो, आणि तिसऱ्याशी येऊन अडखळतो. इंजिन डब्यांना जितक्या बलाने पुढे ओढते तितक्याच बलाने डबे इंजिनाला मागे ओढतात, मग गाडी चालते कशी?

उत्तर रुळात आहे. चाक फिरताना रुळाला मागे ढकलते. रूळ चाकाला पुढे ढकलतो. इंजिनापुरते पाहायचे तर त्याच्यावर दोन बाहेरची बले आहेत : रुळाने पुढे दिलेला रेटा आणि डब्यांनी मागे दिलेली ओढ. पहिले मोठे असेल तर इंजिन वेग घेईल. क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात, पण त्या एकाच वस्तूवर नसतात. ही गफलत टळली की सगळे सरळ होते. ज्या वस्तूचा विचार करायचा ती मनातल्या मनात बाकीच्या जगापासून कापून वेगळी काढायची आणि तिच्यावर बाहेरून येणारी बले बाणांनी दाखवायची, ही युक्ती आज पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या वहीत असते. यंत्रशास्त्रातील सगळ्या युक्त्यांमध्ये ती मला सर्वांत थोर वाटते. जग फार गुंतागुंतीचे आहे. त्याचा एक तुकडा कापून घ्यायला धैर्य लागते.

गाडी सुरू करताना जुने ड्रायव्हर एक गंमत करीत. इंजिन किंचित मागे घेत, म्हणजे डब्यांमधल्या साखळ्या सैल पडत. मग पुढे निघत. एकेक साखळी ताणली जाई, आणि डबे एकदम न हलता एकामागून एक हलत. कारण थांबलेल्या वस्तूला हलवायला जे घर्षण आडवे येते, ते चालत्या वस्तूच्या घर्षणाहून मोठे असते. सगळ्या डब्यांचे ते थोरले घर्षण एकाच क्षणी अंगावर घेण्यापेक्षा हप्त्याहप्त्याने फेडलेले बरे. कूलाँने हा फरक कागदावर मांडला होता. ड्रायव्हरने तो धक्क्याच्या आवाजावरून ओळखला.

शकुंतलेकडे परत येऊ. विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या कंपनीने सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढून ही रेल्वे बांधली. मूर्तिजापूर मध्ये, एक हात उत्तरेला अचलपूरकडे, दुसरा आग्नेयेला यवतमाळकडे. दोन्ही मिळून सुमारे १९० किलोमीटर. रुंदी निवडली अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मुख्य रेल्वे साडेपाच फुटी, १६७६ मिलिमीटरची. हा निर्णय कंजूषपणाचा होता का? होता. पण त्यामागे यंत्रशास्त्र होते, आणि त्याचा महाराष्ट्रातला धडा बार्शीत गिरवला गेला होता.

१८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने बार्शी लाइट रेल्वे सुरू केली, तीही अडीच फुटी. त्याचा मुद्दा रुंदीपेक्षा वजनाचा होता. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येता कामा नये. इंजिन असो वा डबा, वजन आसांमध्ये सारखे वाटले पाहिजे. तसे केले, तर रूळ हलका चालतो. बार्शीला यार्डाला तीस पौंड वजनाचा रूळ पुरला.

यातले मर्म असे. रूळ म्हणजे स्लीपरांवर आडवी टाकलेली तुळई. दोन स्लीपरांच्या मध्ये चाक आले की ती वाकू पाहते. वाकवणारा आघूर्ण दोन गोष्टींवर ठरतो : चाकाचा भार आणि दोन आधारांमधले अंतर. भार निम्मा केला की आघूर्ण निम्मा, रूळ हलका, पूल हलका, भराव अरुंद, खर्च कमी. ट्रेव्हिथिकच्या १८०४ च्या विजयाला लागलेले गालबोट नेमके हेच होते. इंजिन धावले, पण त्याच्या वजनाखाली ओतीव लोखंडाच्या पट्ट्या फुटल्या. पकडीसाठी इंजिन जड हवे आणि रुळासाठी ते हलके हवे. पुढची शंभर वर्षे रेल्वेचे अभियंते या पेचाशी झगडले. कॅलथ्रॉपचे उत्तर होते : भार कमी करू नका, तो वाटा.

अरुंद रुळाचा दुसरा फायदा वळणावर दिसतो. रेल्वेची दोन्ही चाके एकाच आसाला घट्ट बसवलेली असतात. एक हळू आणि दुसरे जलद असे फिरू शकत नाही. पण वळणावर बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा लांब असतो. किती लांब? काटकोनात वळायचे असेल, तर साडेपाच फुटी मार्गावर बाहेरच्या चाकाला सुमारे २.६ मीटर जास्त चालावे लागते. अडीच फुटी मार्गावर सुमारे १.२ मीटर. नवल असे की हा फरक वळण मोठे की लहान यावर अवलंबून नाही, केवळ रुंदीवर आहे. पण लहान वळणात तो फरक थोड्याच अंतरात भरून काढावा लागतो. चाकाचा कडेचा भाग किंचित शंकूसारखा उतरता केलेला असतो, त्यामुळे बाहेरचे चाक आपोआप मोठ्या घेरावर चालते आणि फरक भरून निघतो. तरी शंकूलाही मर्यादा आहेतच. म्हणून अरुंद मार्ग टेकडीला वळसा घालून जाऊ शकतो, तर रुंद मार्गाला टेकडी कापावी लागते. बालाघाटाच्या कडेने वर चढणाऱ्या रेल्वेसाठी याचा अर्थ रोकड रुपयांत मोजता येतो.

त्याची किंमत वेगात मोजावी लागते. वळणावर गाडी बाहेर फेकली जाते असे आपण म्हणतो. न्यूटनच्या दृष्टीने पाहिले, तर गाडीला सरळच जायचे असते, आणि रूळ तिला आत ढकलून वळायला लावतो. हे आत ढकलणे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. त्यासाठी बाहेरचा रूळ किंचित उंच ठेवतात, म्हणजे वजनाचाच एक हिस्सा आत झुकतो. दीडशे मीटर त्रिज्येचे वळण आणि ताशी पंचवीस किलोमीटर वेग घेतला, तर अरुंद मार्गावर ही उंची जेमतेम एक इंच येते. वेग चाळीस केला, की अडीच इंचांहून अधिक. वेग दीडपटीहून थोडा जास्त झाला आणि उंची अडीच पट.

वाफेच्या इंजिनाच्या पोटातही एक सुंदर आघूर्ण लपलेला आहे. सिलिंडरमधला दट्ट्या सरळ मागेपुढे होतो. दांडा आणि क्रँक त्याचे फिरणे करतात. पण दट्ट्या टोकाला असताना दांडा थेट आसाच्या रेषेत येतो. जोर पुरेपूर आहे आणि आसापासूनचे अंतर शून्य, म्हणून फिरवणारा आघूर्णही शून्य. इंजिन नेमके अशा जागी थांबले तर ते सुरूच होणार नाही! म्हणून डाव्या आणि उजव्या बाजूच्या क्रँक एकमेकींशी काटकोनात बसवतात. एक जेव्हा अगतिक असते तेव्हा दुसरी पूर्ण भरात असते.

शकुंतलेचे वाफेचे इंजिन १९२१ मध्ये मँचेस्टरला बनले, १९२३ मध्ये कामाला लागले आणि १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झाले. एकाहत्तर वर्षे. नंतर डिझेल आले.

त्या इंजिनाच्या कामाचा एक अंदाज करून पाहा. समजा, एकूण शंभर टनांची गाडी मूर्तिजापुराहून यवतमाळला आली. दीडशे मीटर वर चढण्यासाठी केलेले कार्य किती? आजच्या विजेच्या भाषेत सुमारे एकेचाळीस युनिट. एखाद्या लहान घराचे महिन्याचे बिल याहून मोठे येते. शंभर टन बालाघाटावर चढवायला एवढेच! आणि रुळावरच्या त्या टनामागे चार किलोच्या क्षुल्लक विरोधाचे? ११३ किलोमीटरभर तो पुरून उरतो : सुमारे १२३ युनिट, म्हणजे चढाच्या तिप्पट. डोंगरापेक्षा चिवट असते ती रोजची घासाघीस. शिवाय परतीच्या वाटेवर चढाचे कार्य गुरुत्वाकर्षण परत करते. घर्षणाने घेतलेले कोणीच परत करीत नाही. आता जुन्या वाफेच्या इंजिनात कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम शेकडा पाच हिस्सा ओढीच्या कामी येतो असे धरले, तर एका फेरीला साधारण पावणेपाचशे किलो कोळसा लागेल. फायरमनच्या फावड्याने तो सगळा भट्टीत जायचा. ‘कार्य’ हा शब्द यंत्रशास्त्रात कोरडा वाटतो, पण इथे त्याला पाठदुखी आहे.

हे सगळे शास्त्र पुस्तकात केव्हा बसले, असा प्रश्न काहींना पडला असेल. तुकड्यातुकड्यांनी ते जुनेच होते. ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम रँकिन यांनी १८५८ मध्ये उपयोजित यंत्रशास्त्रावरचा आपला ग्रंथ काढला आणि अभियंत्यांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. आपल्याकडे १८५४ मध्ये पुण्यात सरकारी बांधकाम खात्यासाठी कनिष्ठ अधिकारी घडवणारी अभियांत्रिकी शाळा निघाली. तीच पुढे कॉलेज ऑफ सायन्स झाली, तिथूनच १८८३ मध्ये विश्वेश्वरय्या अभियंता होऊन बाहेर पडले, आणि आज ती सीओईपी म्हणून ओळखली जाते. हेतू उघड होता : साहेबाने आखायचे आणि कनिष्ठाने उभारायचे. विश्वेश्वरय्यांनी ती वाटणी मोडली. पण शकुंतलेच्या आसपास तिसराही एक वर्ग होता, ज्याचे नाव कोणत्याच पुस्तकात नाही : रुळांवर रोज चालणारा गँगमन आणि चावीवाला.

त्याचे काम काय ते तुळईच्या गणिताने समजते. एक स्लीपर कुजला म्हणा. दोन आधारांमधले अंतर दुप्पट झाले. वाकवणारा आघूर्ण दुप्पट झाला. आणि रुळाचा झोल? तो अंतराच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. साध्या तुळईच्या हिशेबाने आठपट. प्रत्यक्षात रूळ सलग असल्यामुळे शेजारचे स्लीपर थोडा भार उचलतात, आणि आकडा इतका भयंकर राहत नाही. पण शेजारच्यावर भार वाढला की त्याचे कुजणेही जवळ येते. एक गेला की दुसरा. रेल्वेचा मार्ग असा मरतो; एका अपघाताने नव्हे, आधारांच्या साखळीने. चावीवाल्याने हातोडीने ठोकून पाहिलेली प्रत्येक खीळ ही साखळी तोडत असे.

हे गणित कळले की शकुंतलेच्या अखेरच्या वर्षांचे कोडे सुटते. लोक हसत, की गाडी ताशी वीस किलोमीटरने चालते, सायकल पुढे जाईल. पण वेगमर्यादा हा आळस नव्हता. दुर्लक्षित मार्गावर धक्क्यांचे बल वेगासोबत झपाट्याने वाढते. वेग निम्मा केला की गतिज ऊर्जा चौथ्या हिश्शावर येते. देखभालीला पैसा नसेल, तर सुरक्षिततेची किंमत वेळेत चुकवावी लागते. शकुंतला ती वर्षानुवर्षे चुकवत राहिली. मग बस आणि जीप जलद झाल्या, ज्यांना पैसे परवडत होते ते तिकडे गेले, आणि गाडीत उरले ते मूर्तिजापूर ते यवतमाळ यांच्यामधल्या खेड्यांतले लोक, ज्यांना तिकिटाचा फरक जाणवत होता. शेवटी गाडीही थांबली. २०१६ मध्ये मार्ग रुंद करण्याची घोषणा झाली.

दरम्यान यवतमाळला दुसऱ्या बाजूने रुंद रूळ येत आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या नव्या मार्गातील वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाला. कळंब यवतमाळ जिल्ह्यातच आहे. आपण मघाशी केलेला वळणाचा हिशेब येथे पुन्हा लावून पाहा. ताशी पंचवीसच्या गाडीला दीडशे मीटरची त्रिज्या चालत होती. गाडी ताशी शंभरने न्यायची, म्हणजे वेग चौपट. तितक्याच झुकावावर त्रिज्या सोळापट हवी, म्हणजे २.४ किलोमीटर. एवढे ऐसपैस वळण टेकडीला वळसा घालू शकत नाही. म्हणून नव्या मार्गावर टेकडी कापावी लागते, बोगदा काढावा लागतो, दरीवर उंच पूल टाकावा लागतो. शंभर वर्षांपूर्वी कंपनीने जमिनीचे ऐकले आणि वेग सोडला. आज वेग धरला आहे आणि जमिनीला ऐकायला लावले आहे. दोन्ही निर्णय एकाच सूत्रातून निघतात.

शकुंतलेच्या जुन्या मार्गाचे काय करावे यावर वऱ्हाडात दोन मते आहेत. एक म्हणते, तोच मार्ग रुंद करा, खेड्यांना गाडी द्या. दुसरे म्हणते, थोडा तरी भाग जसाच्या तसा ठेवा, वारसा म्हणून. मी पहिल्याच्या बाजूचा आहे. कारंज्याच्या बाजाराला जाणाऱ्या बाईला वारशापेक्षा गाडी हवी. पण दहा-वीस मीटर अरुंद रूळ, चार स्लीपर आणि एक शंकूच्या कडेचे चाक यवतमाळ-पुसदच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात नेऊन ठेवले, तर घसरणाऱ्या ठोकळ्यांची चित्रे काढून कंटाळलेल्या मुलांना पुष्कळ काही हाताने चाचपता येईल.

मूर्तिजापूर स्टेशनात कधी उतरलात, तर दोन्ही मार्गांच्या रुंदीतला फरक मनात धरून फलाटावर उभे राहा. साडेपाच फूट वजा अडीच फूट. बरोबर तीन फूट. यवतमाळहून आलेली कापसाची प्रत्येक गाठ या तीन फुटांपायी एका डब्यातून उतरे, हमालाच्या पाठीवर चढे आणि मुंबईला जाणाऱ्या दुसऱ्या डब्यात जाई. कंपनीच्या बचतीच्या हिशेबात त्या पाठीने केलेले कार्य कोणत्या रकान्यात लिहीत असत, ते मात्र यंत्रशास्त्राच्या पुस्तकात सापडत नाही.